देणाऱ्याचा हिशेब कोण ठेवणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



व्यवहार कोणताही असो, त्याच्या वहीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. एकच बाजू लिहिलेल्या वहीला कोणी हिशेब म्हणत नाही. अवयवरोपणाच्या क्षेत्रात मात्र आपल्याकडे अशीच एकेरी वही वर्षानुवर्षे चालू आहे. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय मिळून मरणाच्या दारातून परतलेल्या रुग्णाची हकीगत वृत्तपत्रांत छापून येते. शस्त्रवैद्यांचे सत्कार होतात. रुग्णालयाचे नाव गाजते. यात गैर काही नाही. परंतु ज्या माणसाच्या शरीरातून तो अवयव काढला गेला तो पाच वर्षांनी कसा आहे, त्याचा रक्तदाब किती, तो कामावर जाऊ शकतो की नाही, त्याच्या घराचे उत्पन्न वाढले की घटले, या प्रश्नांची उत्तरे त्या हकीगतीत नसतात. रुग्णाचे चित्रही बहुधा तो रुग्णालयातून घरी जातो त्या दिवसापर्यंतच रेखाटलेले असते. पुढची दहा-वीस वर्षे त्याने औषधे कोठून आणावयाची, हे कोणी विचारीत नाही.

आजचा विषय घेणारा आणि देणारा या दोघांच्या पुढील आयुष्याचा आहे. प्रतिपाद्य थोडक्यात असे की, ही दोन्ही आयुष्ये शस्त्रवैद्याच्या कौशल्यावर जेवढी अवलंबून असतात तेवढीच ती, शस्त्रक्रियेनंतरचा भार समाजाने उचलला की एकट्या कुटुंबावर टाकला, यावरही अवलंबून असतात.

विज्ञानाने काय दिले

प्रथम विज्ञानाचे ऋण मान्य केले पाहिजे. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाचे एक मूत्रपिंड काढून ते त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याच्या शरीरात बसविले. मूत्रपिंडरोपणाचा तो पहिला यशस्वी प्रयोग. दोघे एकरूप जुळे असल्यामुळे रिचर्डच्या शरीराने तो अवयव परका मानला नाही. घेणारा भाऊ त्यानंतर सुमारे ८ वर्षे जगला. देणारा भाऊ २०१० पर्यंत, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर ५६ वर्षे जगला. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

जुळा भाऊ सर्वांनाच नसतो. परक्या शरीरातील अवयव आपले शरीर ओळखते आणि नष्ट करू पाहते. ही प्रतिकारशक्ती दडपून ठेवणाऱ्या औषधांशिवाय अवयवरोपणाची मजल फार दूर गेली नसती. सायक्लोस्पोरिन या औषधाला १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. पुढे टॅक्रोलिमससारखी औषधे आली. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले. त्याच्याही आधी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपणाचा प्रयत्न केला होता. रुग्ण काही तासांतच दगावला. परंतु केपटाऊनमधील जगातील पहिल्या हृदयरोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत हे धाडस एका महापालिकेच्या रुग्णालयात झाले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आज मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला रोपणाचा लाभ किती होतो? रॉबर्ट वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील २,२८,५५२ डायलिसिस-रुग्णांच्या नोंदी तपासल्या. नवे मूत्रपिंड मिळालेल्यांची तुलना त्यांनी सरसकट सर्व डायलिसिस-रुग्णांशी केली नाही, तर मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत असलेल्यांशी केली. कारण यादीत नाव लागते तेच मुळात त्यातल्या त्यात प्रकृतीने बऱ्या रुग्णांचे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोपण झालेल्यांच्या मृत्यूचा धोका यादीतील रुग्णांच्या २.८ पट होता. दीर्घ मुदतीत मात्र तो यादीतील रुग्णांपेक्षा ६८ टक्क्यांनी कमी ठरला. म्हणजे रुग्ण आरंभी मोठा धोका पत्करतो आणि त्याचे फळ त्याला पुढे अनेक वर्षे मिळते. ते फळ टिकवावयाचे तर एकच अट आहे : औषधांत खंड पडता कामा नये.

औषधाची गोळी आणि सरकारची तिजोरी

शस्त्रक्रिया एका दिवसाची असते. औषध बसविलेला अवयव टिकेल तोवरचे असते. दरमहा काही हजार रुपयांची औषधे, वेळोवेळी रक्ततपासण्या, प्रतिकारशक्ती दबलेली असल्यामुळे होणारे जंतुसंसर्ग, हा सारा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबालाही वाकविणारा आहे. शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरात हा खर्च आला की प्रथम एक गोळी कमी होते, मग एक दिवस चुकतो, आणि एवढ्या सायासाने मिळालेला अवयव शरीर नाकारू लागते. वैद्यकीय कागदावर त्याची नोंद ‘औषधे नियमित घेतली नाहीत’ अशी होते. दारिद्र्याला बेशिस्तीचे नाव देण्याची ही जुनीच रीत आहे.

ही चूक श्रीमंत देशांनीही केलेली आहे. अमेरिकेने १९७२ मध्ये कायदा करून मूत्रपिंड निकामी झालेल्या जवळजवळ सर्व नागरिकांच्या डायलिसिसचा आणि रोपणाचा खर्च सरकारी विम्यात घेतला. खासगी वैद्यकाच्या त्या बालेकिल्ल्यात ही मोठीच गोष्ट होती. पण ज्यांना वयामुळे वा अपंगत्वामुळे विम्याचा हक्क नव्हता, त्यांच्या औषधांचा खर्च हा विमा रोपणानंतर ३६ महिन्यांपर्यंतच देत असे. मुदत संपल्यावर काहींची औषधे सुटत, मूत्रपिंड निकामी होई, आणि तोच रुग्ण पुन्हा डायलिसिसवर गेला की त्याचा खर्च तेच सरकार पुन्हा भरी! स्वस्त गोळी नाकारून महाग उपचार पत्करण्याचा हा व्यवहार दुरुस्त करणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून तो अमलात आला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मूत्रपिंडरोपणासाठी मिळणारी मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु मर्यादेची मदत आणि बिनमुदतीचा खर्च यांची जोडी जमत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च उचलून औषधांचा भार घरावर सोडणे म्हणजे विहीर खणून देणे आणि दोर न देणे होय.

देणाऱ्याच्या प्रकृतीचे काय?

आता वहीच्या दुसऱ्या पानाकडे वळू. निरोगी माणसाने एक मूत्रपिंड दिले तर त्याला काय होते? ‘काहीही होत नाही’ असे सर्रास सांगितले जाते. हे उत्तर बरेचसे खरे असले तरी पुरते खरे नाही, आणि निर्णय घेणाऱ्या माणसाला पुरते सत्य समजण्याचा अधिकार आहे.

अमेरिकेतील ८०,३४७ जिवंत मूत्रपिंडदात्यांचा अभ्यास डॉ. डोरी सेगेव आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत मृत्यू येण्याचे प्रमाण दर दहा हजारांत ३.१ होते. पुढील काळात हा धोका आणखी घटला आणि २०१३ ते २०२२ या दशकात तो दहा हजारांत एकाच्याही खाली आला. त्यानंतरच्या वर्षांत तितक्याच निरोगी इतर माणसांच्या तुलनेत दात्यांचे आयुष्य कमी झाल्याचे त्या अभ्यासात दिसले नाही. ही दिलासा देणारी बाब आहे.

पण २०१४ मध्ये ९६,२१७ दात्यांच्या नोंदींवरून दुसरी गोष्ट पुढे आली. १५ वर्षांत दात्यांपैकी दर दहा हजारांत सुमारे ३१ जणांची उरलेली मूत्रपिंडे निकामी झाली. तितक्याच निरोगी, परंतु मूत्रपिंड न दिलेल्या माणसांत हे प्रमाण सुमारे ४ होते. धोका लहान आहे, पण तो आहे, आणि तो दानामुळे वाढलेला आहे. २०१५ मध्ये कॅनडातील एका अभ्यासाने दाखविले की, मूत्रपिंड दिल्यानंतर गरोदर राहिलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ११ टक्के स्त्रियांना गरोदरपणातील रक्तदाबाचे विकार झाले. इतर निरोगी स्त्रियांत हे प्रमाण ५ टक्के होते. यकृताचा भाग देणाऱ्याचा धोका तर मूत्रपिंडदात्याहून पुष्कळच मोठा आहे : यकृताचा किती भाग काढला जातो त्यानुसार हजार दात्यांमागे एक ते पाच मृत्यू, असा अंदाज वैद्यकशास्त्र सामान्यतः देते.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ते अशा देशांतील आहेत, जेथे दात्याची निवड कसून होते आणि शस्त्रक्रियेनंतरही त्याचा माग ठेवला जातो. स्वित्झर्लंडमध्ये १९९३ पासून जिवंत दात्यांची नोंदवही आहे आणि त्यांच्या प्रकृतीकडे आयुष्यभर लक्ष ठेवले जाते. अमेरिकेत सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी दात्याच्या प्रकृतीची माहिती कळविणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. ज्या दात्याचा रक्तदाब वाढू लागताच कोणाच्या तरी लक्षात येतो, त्याच्यासाठी धोका लहान असतो. जो ऊसतोडीला निघून जातो आणि वर्षानुवर्षे रक्तदाब मोजीत नाही, त्याचा धोका या तक्त्यांत सापडणार नाही.

बाजार बसला तेव्हा

अवयवांचा बाजार असावा, असे म्हणणारे अर्थशास्त्रज्ञ आहेत आणि ते लहानसहान नव्हेत. नोबेल पारितोषिकाचे मानकरी गॅरी बेकर यांनी हुलिओ एलियास यांच्यासह २००७ मध्ये असा युक्तिवाद केला की, मूत्रपिंडांचा तुटवडा आहे तो त्यांची किंमत शून्यावर बांधून ठेवल्यामुळे. सुमारे १५,२०० डॉलर किंमत दिली तर पुरवठा होईल आणि प्रतीक्षायादी सरेल. युक्तिवाद कागदावर नेटका आहे. पण हा प्रयोग कागदाबाहेर होऊन गेलेला आहे आणि त्याचे एक ठिकाण मुंबई होते.

१९८४ ते १९८८ या काळात संयुक्त अरब अमिरात आणि ओमान येथील १३० रुग्ण मुंबईत आले आणि दलालांमार्फत विकत घेतलेली मूत्रपिंडे बसवून परत गेले. त्यांच्या देशांतील डॉक्टरांनी त्यांचे पुढे काय झाले याचा वृत्तान्त १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जवळजवळ एक पंचमांश रुग्ण पहिल्या वर्षातच दगावले होते. काहींना कावीळ आणि एच. आय. व्ही. यांचा संसर्ग झाला होता. पैसे मोजणारा सुरक्षित असतो हा समज या वृत्तान्ताने खोटा ठरविला. ज्या व्यवहारात विकणाऱ्याला आपला आजार लपविणे फायद्याचे असते आणि दलालाला तपासणी टाळणे फायद्याचे असते, तेथे घेणाऱ्याचाही बळी जातो. ब्रिटिश विचारवंत रिचर्ड टिटमस यांनी रक्ताच्या बाजाराविषयी १९७० मध्ये नेमका हाच इशारा दिला होता.

आणि विकणारे? माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांची पाहणी केली. २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. त्यांना सरासरी १,०७० डॉलर मिळाले. विक्रीच्या वेळी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सरासरी ६६० डॉलर होते. पाहणीच्या वेळी ते ४२० डॉलरवर आले होते. दारिद्र्यरेषेखालील लोक ५४ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेले होते. चारांपैकी तिघांच्या डोक्यावर अजून कर्ज होतेच. ८६ टक्के लोकांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले, आणि ७९ टक्के म्हणाले की, दुसऱ्या कोणाला ते हा सल्ला देणार नाहीत. इराणमध्ये १९८८ पासून सरकारी देखरेखीखाली मोबदला देऊन मूत्रपिंड घेण्याची पद्धत आहे. तेथील केरमानशाह शहरातील सुमारे ३०० विक्रेत्यांच्या पाहणीतही, पुन्हा संधी आली तर विकणार नाही, असेच बहुसंख्यांनी सांगितले.

बेकर यांच्या गणितात काय राहून गेले? शरीराने कष्ट करणाऱ्या माणसाचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. ते उणावले की मजुरी उणावते, हा तोटा किमतीत धरलेला नसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञाने तामिळनाडूत टिपली : ज्या वस्तीत मूत्रपिंड विकता येते हे सावकाराला कळते, त्या वस्तीत मूत्रपिंड हे तारण बनते. वसुलीचा तगादा वाढतो. मग ज्याने विकलेले नाही त्याच्यावरही विकण्याचे दडपण येते. एकाच्या ‘स्वेच्छेच्या’ सौद्याने शेजाऱ्याची स्वेच्छा हिरावली जाते. बाजाराच्या समर्थकांनी या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

या बाजाराला आळा घालण्यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेला कायदा करता यावा म्हणून ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, ती गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र ही होत. २०११ च्या दुरुस्तीने अवयवांच्या खरेदी-विक्रीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड इतकी वाढविली. हेतू योग्यच होता. पण पैसे देणारा, दलाल आणि पैसे घेणारा या तिघांना कायद्याने एकाच रांगेत उभे केले आहे. कर्जापायी मूत्रपिंड विकलेली बाई पुढे आजारी पडली, तर सरकारी दवाखान्यात खरे सांगणे म्हणजे तिच्या दृष्टीने गुन्ह्याची कबुली देणे होय. ज्याला संरक्षण हवे त्यालाच कायद्याने तोंड लपवावयास लावले आहे.

घरातला दाता

कायद्यामुळे उघड बाजार आटला आणि दानाचा भार कुटुंबावर आला. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात १८,३७८ अवयवरोपणे झाली. त्यांत मूत्रपिंडाची १३,४२६ आणि यकृताची ४,४९१ होती. सहांपैकी पाच अवयव जिवंत दात्यांचे होते. त्या जिवंत दात्यांपैकी सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या. आणि घेणारे? १९९५ ते २०२१ या काळातील ३६,६४० रोपणांची जी आकडेवारी प्रसिद्ध झाली, तीत स्त्रियांना मिळालेले अवयव ६,९४५, म्हणजे पाचांतील एकही पुरता नाही.

आई मुलासाठी देते, पत्नी पतीसाठी देते, बहीण भावासाठी देते. या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कोणालाही कारण नाही. प्रश्न उलट्या दिशेचा आहे. सुनेचे मूत्रपिंड निकामी झाले तर त्याच घरात दाता का मिळत नाही? ‘तो कमावता आहे’ हे उत्तर तयार असते. घरातील स्त्रीचे काम मजुरीत मोजले जात नाही, म्हणून तिच्या शरीराला झालेली तोशीसही मोजली जात नाही. आणि म्हणूनच द्यावयाची वेळ आली की पहिले बोट तिच्याकडे वळते. कायद्याने नेमलेल्या समितीपुढे तिची संमती विचारली जाते खरी. पण घरातील सर्व माणसे बाहेर बाकावर बसलेली असताना दिलेल्या संमतीचे मोल तितकेच, जितके त्या बाईच्या हाती परत जावयाला दुसरे घर असेल.

२०२५ मध्ये राष्ट्रीय संघटनेने प्रतीक्षायादीत स्त्री-रुग्णांना आणि मृत दात्यांच्या निकटच्या नातेवाइकांना प्राधान्य द्यावे अशी सूचना काढली. ती योग्य आहे. पण प्रतीक्षायादी असते ती मृत दात्यांच्या अवयवांसाठी, आणि ते सहांतील एकच. उरलेल्या पाचांचा निर्णय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत होतो. तेथवर सूचनापत्र पोहोचत नाही.

आणखी एक भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांची विशेष रजा मंजूर केली. म्हणजे दात्याला सावरण्यास इतका अवधी लागतो हे सरकारला मान्य आहे. मग धुणीभांडी करणाऱ्या बाईचे, बांधकामावरील मजुराचे शरीर निराळ्या मातीचे असते काय? त्यांच्या त्या ४२ दिवसांची मजुरी कोण देणार?

ज्याला अपाय होऊ शकत नाही असा दाता

जिवंत माणसाच्या शरीरावर शस्त्र न चालविता अवयव मिळण्याचा मार्ग आहे, तो मृत्यूनंतरच्या दानाचा. अपघातात वा मेंदूतील रक्तस्रावाने मेंदूचा स्तंभ कायमचा बंद पडतो. श्वसनयंत्रामुळे हृदय काही काळ चालू राहते. १९९४ च्या कायद्याने या अवस्थेला मृत्यू म्हणून मान्यता दिली आहे. चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून ती प्रमाणित करावयाची असते. अशा एका व्यक्तीकडून दोन मूत्रपिंडे, यकृत, हृदय आणि फुप्फुसे मिळू शकतात.

स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला पन्नासच्या आसपास मृत दाते असतात. भारतात हे प्रमाण एकाहूनही कमी आहे. २०२४ मध्ये आपल्या एवढ्या मोठ्या देशात मृत दाते होते सुमारे ११००. स्पेनचे लोक अधिक दयाळू आहेत असे मानण्याचे कारण नाही. त्या देशाने १९८९ मध्ये राष्ट्रीय संघटना उभारली, सार्वजनिक रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतच प्रशिक्षित समन्वयक नेमले आणि शोकाकुल कुटुंबाशी धीराने बोलण्याची विद्या शिकविली. दान कोणाचेही असो, अवयव मिळतो तो सार्वजनिक आरोग्यसेवेत, पैशाच्या नव्हे तर गरजेच्या क्रमाने. तामिळनाडूनेही २००८ पासून हा मार्ग धरला. शासकीय रुग्णालयांत रोपणे सुरू केली, शासकीय विम्यातून गरिबांना ती मिळू लागली, आणि २०२३ मध्ये मृत दात्यांना शासकीय इतमामाने निरोप देण्याचा निर्णय घेतला.

येथे न्यायाचा प्रश्न निर्माण होतो. सरकारी रुग्णालयात मरण पावलेल्या मजुराचे कुटुंब हृदय देते, आणि ते हृदय बसविण्याची सोय केवळ महागड्या खासगी रुग्णालयात असते, तेव्हा दानाचा प्रवाह खालून वर वाहतो. मजुराच्या घरी तेच हृदय कधी येणार नसेल, तर त्याच्याकडे ते मागण्याचा नैतिक अधिकार समाजाला किती उरतो? लोक दान का करीत नाहीत यावर अंधश्रद्धेची व्याख्याने देण्याआधी या प्रश्नाला उत्तर द्यावे लागेल. विश्वास हा न्यायाच्या मागून येतो.

काय मागावे, काय करावे

या विवेचनातून काही मागण्या सरळच निघतात. प्रत्येक जिवंत दात्याची रक्तदाब, रक्त आणि लघवी यांची वार्षिक तपासणी नजीकच्या शासकीय रुग्णालयात आयुष्यभर मोफत व्हावी आणि तिची नोंद राहावी. दात्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. ही किंमत नव्हे, दान करताना पदरचा तोटा होऊ नये एवढाच तिचा अर्थ. रोपण झालेल्या रुग्णाला अवयव टिकेल तोवर औषधे शासनाने पुरवावीत. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूमृत्यूचे निदान, समन्वयक आणि रोपण यांची सोय व्हावी. प्रत्येक रुग्णालयाने एक, पाच आणि दहा वर्षांनंतरचे निकाल प्रसिद्ध करावेत. रुग्णांचे तसेच दात्यांचे, आणि स्त्री-पुरुष भेद स्पष्ट दाखवून. अवयव विकावा लागलेल्या गरिबाला शिक्षेतून वगळून साक्षीदाराचे संरक्षण मिळावे. दलाल आणि त्याचे धनी मात्र सुटू नयेत.

या मागण्यांवर आक्षेप येईल तो पैशाचा. शासकीय अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होतात. डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून सुरू आहे आणि त्याचा खर्च वाढतच जाणार. मूत्रपिंड वेळेवर मिळाले आणि औषधांनी टिकले तर हा खर्च वाचतो. मधुमेह आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्यकेंद्रातच ओळखून आटोक्यात ठेवले तर त्याहून अधिक वाचतो. तेव्हा पैसा नाही हे उत्तर पुरेसे नाही. तो कोठे आणि केव्हा खर्च करावयाचा एवढाच वाद आहे.

कार्यकर्त्यांनी मात्र मागण्या मान्य होण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. अवयवदानाचे अर्ज भरून घेण्याचे मेळावे पुष्कळ होतात, ते होत राहावेत. त्याच्या जोडीला आपापल्या तालुक्यात ज्यांनी भावाला, मुलाला, नवऱ्याला मूत्रपिंड वा यकृत दिले आहे अशा माणसांची विचारपूस सुरू करावी. त्यांनी शेवटचा रक्तदाब कधी मोजला, हे विचारावे. वर्षातून एकदा त्यांच्यासोबत ग्रामीण रुग्णालयात जावे, तपासणी करून घ्यावी आणि त्याचा कागद त्यांच्या हाती राहील असे पाहावे. त्यांची संमती असेल तर, नावे उघड न करता, या माहितीचे गोषवारे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवावेत. सरकारने जी वही ठेवावयास हवी तिचे पहिले पान अशा रीतीने गावोगाव लिहिता येईल. आणि ते लिहिले गेले म्हणजे पुढचे पान लिहिण्यास सरकारला भाग पाडणे सोपे जाईल.